हस्तधारी डिजिटल ध्वनिमुद्रक

हस्तधारी डिजिटल ध्वनिमुद्रक (बोलण्यात 'रेकॉर्डर') हे मुठीत मावणारे, सेलवर चालणारे आणि ध्वनी अंकांच्या रूपात मेमरी कार्डवर साठवणारे उपकरण आहे. मायक्रोफोन, त्याचा क्षीण विद्युतसंकेत वाढवणारा पूर्वप्रवर्धक, त्या संकेताचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक आणि साठवणीची सोय असे त्याचे चार मुख्य भाग असतात. मुलाखती, व्याख्याने, कीर्तने, गायनाचा रियाज यांसाठी ते वापरले जाते. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग लोकसाहित्य आणि बोली यांच्या क्षेत्रीय अभ्यासात होतो. पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाचा समावेश झाल्यापासून असे उपकरण विकत घेण्याचा प्रश्न सामान्य विद्यार्थ्यासमोरही येऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात माफक किमतीच्या उपकरणांचा आणि त्यांच्या निवडीचा विचार प्रामुख्याने केला आहे.

पार्श्वभूमी

मराठीच्या बोलींची पहिली विस्तृत नोंद जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आढळते. तिच्यात बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतलेली आहे. नोंद अर्थातच लिखित आहे. सांगणाऱ्याचा आवाज तिच्यात नाही. ही उणीव ग्रिअर्सन यांच्याही ध्यानात होती. त्यामुळे १९१३ पासून पुढील काही वर्षे भारतातील अनेक भाषांच्या नमुन्यांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. कुडाळी, वारली, महाडची कुणबी इत्यादी बोलींवरील त्यांचे ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. वाचकाच्या हाती आलेला हा पुरावाही मुख्यतः ध्वनिलिपीतील लेखनाचाच होता.

आवाज घराबाहेर जाऊन टिपता येऊ लागला तो फितीच्या यंत्रांमुळे. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये 'नाग्रा' हे वाहून नेण्याजोगे यंत्र बनवले. ते उत्तम होते, परंतु सामान्य अभ्यासकाच्या आवाक्याबाहेरचे होते. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि हे चित्र पालटले. पुढील तीन दशके मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या झोळीत कॅसेट रेकॉर्डर हमखास असे. त्या काळातील कित्येक कॅसेटी आज बुरशी लागून किंवा फितीवरील लेप सुटून निकामी झाल्या आहेत. सोनीने १९८७ मध्ये डिजिटल फीत (डॅट) आणली, पण तिची यंत्रे महाग आणि नाजूक होती. फितीविना, थेट मेमरी कार्डवर मुद्रण करणारी हस्तधारी यंत्रे २००६ च्या सुमारास बाजारात आली. रोलँडचा एडिरॉल आर-०९ आणि झूमचा एच४ ही त्यांपैकी आरंभीची. २०१० च्या झूम एच१ नंतर चांगल्या प्रतीचे मुद्रण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडण्याजोगे झाले.

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह

आवाजाची नोंद का हवी, हे महाराष्ट्रापुरते पाहायचे झाल्यास जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रियांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आरंभी त्या ऐकून लिहून घेतल्या जात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल प्रकल्पात सामील झाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण तयार झाले. प्वातवँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या त्यात ऐकता येतात.

कागदावर लिहिलेली ओवी ही साडेतीन चरणांची रचना असते. गाताना मात्र तीच ओळ पुन्हा घोळवली जाते, मध्ये 'बाई', 'गं' असे शब्द येतात, दुसरी बाई मागून सूर धरते आणि जात्याच्या फेऱ्यानुसार श्वास घेतला जातो. लिहून घेणारा यातले बहुतेक सारे गाळतो. गिरणी आल्यानंतर जाते घराच्या कोपऱ्यात गेले. ज्या पिढीने दळताना गायिले ती आज वृद्ध आहे. तिच्यापैकी एखादीचे मुद्रण सदोष झाले आणि काही महिन्यांनी ती निवर्तली, तर त्या मुद्रणाला दुसरी संधी नाही. स्वस्त उपकरण निवडताना कोठे काटकसर चालते आणि कोठे चालत नाही, याचा विचार या जाणिवेने करावा लागतो.

मराठवाड्यात या क्षेत्रात प्रभाकर मांडे यांचे कार्य मूलभूत मानले जाते. 'मांग आणि त्यांचे मागते' तसेच सांकेतिक व गुप्त भाषांवरील त्यांचा ग्रंथ हे लोकांच्या तोंडून ऐकलेल्या सामग्रीवर आधारलेले आहेत. अलीकडच्या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात गावांत प्रत्यक्ष जाऊन केलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हाच मूळ पुरावा मानला आहे.

ध्वनीचे अंकांत रूपांतर

डिजिटल मुद्रणात ध्वनितरंगाची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. या मोजण्यांच्या संख्येस नमुनादर म्हणतात. नमुनादराच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच ध्वनी टिपता येतो. ४४,१०० नमुनादर असल्यास ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ, तर ८,००० असल्यास केवळ ४,००० हर्ट्झ असते. जुन्या मोबाइल फोनांतील ध्वनिमुद्रण बहुधा ८,००० नमुनादराने होत असे.

मराठीच्या अभ्यासकासाठी ही बाब केवळ तांत्रिक नाही. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, हे दोन शब्द लेखनात सारखे दिसतात. पहिल्यातील 'ज' तालव्य आहे, दुसऱ्यातील दंततालव्य. 'चंद्र' आणि 'चूल' यांतील 'च'मध्येही हाच भेद आहे. या दोन उच्चारांना वेगळे करणारी घर्षणाची ऊर्जा मोठ्या प्रमाणात ४,००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असते. तो पट्टा कापला गेला तर भेद पुसट होतो आणि ऐकणारा आपल्या सवयीचा उच्चार त्यात नकळत भरतो. उलट वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, हे वैशिष्ट्य साध्या फोनवरच्या मुद्रणातही सहज ओळखू येते. एका वैशिष्ट्यासाठी पुरेसे ठरणारे मुद्रण दुसऱ्यासाठी निरुपयोगी असू शकते, आणि मुद्रण करतेवेळी पुढचा अभ्यासक काय शोधणार आहे हे कुणालाच ठाऊक नसते.

प्रत्येक नमुना किती सूक्ष्मतेने मोजायचा हे बिटसंख्येवरून ठरते. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा, तर २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी ४८,००० नमुनादर आणि २४ बिट हे किमान प्रमाण सुचवले आहे. आजची बहुतेक स्वस्त यंत्रे हे प्रमाण सहज गाठतात.

मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात साठवल्यास काहीही गाळले जात नाही. 'एमपी३' स्वरूपात मात्र कानाला फारसा जाणवणार नाही असा भाग कायमचा टाकून दिला जातो. ४४,१०० नमुनादर, १६ बिट आणि दोन मार्गिका असलेल्या वेव्ह मुद्रणास तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ४८,००० नमुनादर व २४ बिट घेतल्यास सुमारे १ गिगाबाइट. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर उत्तम प्रतीचे सुमारे ३० तास मावतात. कार्डे आजच्याइतकी स्वस्त असताना जागा वाचवण्यासाठी एमपी३ निवडणे समर्थनीय नाही.

अंतराचा प्रश्न

उपकरणाच्या किमतीपेक्षा मुद्रणाच्या प्रतीवर अधिक परिणाम करते ते बोलणाऱ्याच्या तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर. खरेदीपूर्वीच्या चौकशीत याचा उल्लेख क्वचितच होतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने वाढते. २ मीटरवर ठेवलेला रेकॉर्डर २५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर तीनदा निम्मे होते आणि आवाज १८ डेसिबलने, म्हणजे ध्वनिदाबाच्या हिशेबात आठपट, वाढतो. खोलीतला पंखा, रस्ता, भांड्यांचा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. पाच हजारांच्या यंत्राऐवजी पन्नास हजारांचे यंत्र त्याच २ मीटरवर ठेवले तर हा लाभ मिळत नाही.

स्वस्त यंत्रांचा खरा दोष म्हणजे त्यांच्या पूर्वप्रवर्धकाची खरखर. ध्वनी दुरून व क्षीण येत असेल तर तो वाढवताना ही खरखरही वाढते. सभागृहाच्या मागच्या रांगेतून घेतलेल्या व्याख्यानात ती स्पष्ट ऐकू येते. वीतभर अंतरावरून घेतलेल्या आजीबाईंच्या ओवीत ती जाणवतही नाही. यावरून निवडीचे सूत्र निघते. ज्याला बोलणाऱ्याजवळ बसता येते त्याला स्वस्त यंत्र पुरते. पक्ष्यांचे आवाज किंवा दुरून चाललेली पालखी टिपणाऱ्यास मात्र अधिक खर्च करावा लागतो.

पातळी स्वहस्ते ठरवता येणे हा दुसरा आवश्यक गुण. स्वयंचलित पातळीवर सोडलेले यंत्र बोलणारा थांबला की संवेदनशीलता वाढवते. त्यामुळे प्रत्येक विरामात पंख्याचा आवाज फुगून येतो आणि पुढचा शब्द उच्चारताच दबतो. वृद्ध माणसे आठवत आठवत, थांबून बोलतात. त्यांच्या मुद्रणात हा दोष फार खटकतो आणि नंतर तो काढून टाकता येत नाही. पातळी अशी ठेवावी की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. नव्या यंत्रांतील '३२ बिट फ्लोट' पद्धतीत पातळी ठरवण्याची गरज जवळपास संपते, आणि एकट्याने काम करणाऱ्यास तिचा मोठा आधार वाटतो. तथापि मायक्रोफोन दूर ठेवण्याची चूक तिने भरून निघत नाही.

उपलब्ध यंत्रे

भारतात या वर्गातील यंत्रे साधारणपणे पाच ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान मिळतात. सोनीचा आयसीडी-पीएक्स४७० मुळात टिपणे व सभा यांसाठी बनवलेला आहे, परंतु तो वेव्ह स्वरूपातही मुद्रण करतो. खरेदीनंतर ती निवड यंत्रात मुद्दाम करावी लागते, एवढे लक्षात ठेवले की झाले. याच किमतीत मिळणारी काही यंत्रे केवळ एमपी३ मुद्रण करतात, ती टाळावीत. टॅसकॅमचा डीआर-०५एक्स सर्व दिशांचा आवाज घेणाऱ्या मायक्रोफोनांचा आहे. असे मायक्रोफोन वाऱ्याला आणि हाताळण्याच्या आवाजाला तुलनेने कमी दाद देतात. मात्र खोलीतील इतर आवाजही ते तितक्याच आस्थेने टिपतात. झूमच्या एच१एन मधील दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात बसवलेले असून समोरच्या आवाजाला झुकते माप देतात. गोंगाटाच्या जागी तो सरस, तर शांत खोलीत चारजण गोल बसले असता टॅसकॅम अधिक सोयीचा. झूमने २०२४ मध्ये एच१इसेन्शियल हे ३२ बिट फ्लोटचे यंत्र आणले. त्यात दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी बोलून सूचना देण्याची सोय आहे.

सेलचा विचार गावात गेल्यावर सुचतो, तो आधी करावा. 'एए' किंवा 'एएए' आकाराचे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. अंतर्भूत बॅटरीचे यंत्र भारनियमनाच्या दिवशी उतरले तर काम तिथेच थांबते. मुद्रण चालू असताना सेल संपल्यास शेवटची फाइल नीट बंद होत नाही आणि ती वाचवण्यासाठी खटपट करावी लागते. म्हणून प्रत्येक मुलाखतीस नवे किंवा पूर्ण भारित सेल घालणे श्रेयस्कर.

यंत्राबरोबर कॉलरला लावायचा मायक्रोफोन घेतला तर अंतराचा प्रश्न बराचसा सुटतो. बोया बीवाय-एम१ हा भारतात सर्वत्र मिळणारा स्वस्त नमुना आहे. त्याची तार ६ मीटर लांब असून त्यावर फोन आणि कॅमेरा अशा दोन स्थानांची कळ असते. रेकॉर्डरला जोडताना कळ कॅमेऱ्याकडे हवी, आणि त्या स्थितीत आत बटणाएवढा सेल चालू लागतो. काम संपल्यावर कळ तशीच राहिली तर पुढच्या खेपेस सेल उतरलेला असतो आणि तासाभराच्या मुलाखतीच्या जागी शांतता मुद्रित होते. कानाला हेडफोन लावून प्रत्यक्ष मुद्रित होणारा आवाज ऐकणे हाच यावर उपाय. केवळ फोनसाठी बनवलेल्या मायक्रोफोनांचा जोडणीदांडा वेगळ्या रचनेचा असतो. तो रेकॉर्डरला जोडण्यापूर्वी रूपांतरक लागतो.

मोबाइल फोन पुरतो का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वेव्ह स्वरूपात मुद्रण करणारे अ‍ॅप आणि कॉलरचा मायक्रोफोन असेल तर आजचा फोन ध्वनीच्या दृष्टीने कमी पडत नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत: मध्येच येणारा कॉल, परस्पर चालणारे गोंगाटनिवारण आणि भरलेली साठवण. फोन नेण्यापूर्वी 'विमान' स्थितीत टाकावा. फोनवरचे मुद्रण व्हॉट्सअ‍ॅपच्या ध्वनिसंदेशाच्या रूपात पाठवू नये, कारण त्यात ते आकुंचित होते. दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ फाइल शाबूत राहते.

छावणीतील बाजार

छत्रपती संभाजीनगरची छावणी खाम नदीच्या पश्चिमेस आहे. मराठी, दखनी उर्दू आणि हिंदी तेथे एकाच गल्लीत ऐकू येतात. १९५० मध्ये स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाचा नागसेनवन परिसर तेथून जवळ आहे आणि १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठही फार दूर नाही. त्यामुळे मराठीच्या विद्यार्थ्यांना हाताशी असलेले हे क्षेत्र आहे. दर गुरुवारी येथे आठवडी बाजार भरतो. गुरांचा व्यवहार होतो तेव्हा आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी व दलाल येतात आणि त्यांची बोली कानावर पडते.

बाजारातील मुद्रण हे हस्तधारी यंत्राची कठीण परीक्षा असते. ध्वनिक्षेपक, वाहने, जनावरे आणि वारा हे सर्व एकाच वेळी येते. यंत्राच्या तोंडावर फोमचे, आणि वारा असेल तर केसाळ, आवरण घालावे. यंत्र हातात धरल्यास बोटांची हालचालही मुद्रित होते. छोटी तिपाई नसेल तर घडी घातलेल्या पंचावर ते ठेवले तरी चालते. प्रत्यक्षात बाजारात माणसे भेटावीत, ओळख व्हावी आणि दीर्घ मुलाखत त्यांच्या घरी, दुपारच्या शांत वेळी घ्यावी. मे महिन्यात मराठवाड्यात पंखा बंद करा असे यजमानास सांगणे अवघड असते. अशा वेळी यंत्र वाऱ्याच्या झोताबाहेर, वक्त्याच्या छातीजवळ ठेवून पंखा सर्वांत कमी वेगावर आणणे ही व्यवहार्य तडजोड ठरते.

गुरांच्या बाजारातील सौदा अनेकदा रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटांच्या खुणांनी होतो. तेथे रेकॉर्डर काहीच टिपत नाही. दलालांचे सांकेतिक संख्याशब्द मात्र बोलले जातात, आणि ते विचारताना सावध राहावे लागते; गुप्त भाषेची उपयुक्तता ती गुप्त असण्यातच असते. सांगणाऱ्याने अभ्यासासाठी सांगितलेले शब्द त्याला न विचारता प्रसिद्ध करणे हा विश्वासघात होय.

जात्यावरचे मुद्रण याच्या उलट. तेथे जात्याची घरघर हा अडथळा समजून ती गाळण्याकडे कल असतो. यंत्रांत खालच्या कंप्रता कापण्याची सोय असते. ओवीच्या वेळी ती बंद ठेवावी, कारण लय जात्याची आहे आणि गळा तिच्या मागून चाललेला असतो. शब्द स्पष्ट हवे असतील तर त्याच बाईंकडून ओवी एकदा दळताना आणि एकदा नुसती म्हणवून घ्यावी. स्वस्त यंत्रात बाहेरचा मायक्रोफोन जोडला की आतले मायक्रोफोन बंद होतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत.

संमती आणि हक्क

मुद्रणाच्या आरंभी दिनांक, गाव, मुद्रण करणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याची संमती यांचा तोंडी उच्चार करून ठेवण्याची पद्धत आहे. मुद्रण कोठे ऐकवले जाईल आणि नाव जाहीर करायचे की नाही, हेही त्याच वेळी विचारावे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क मान्य करण्यात आला. त्याची मुदत सध्या ५० वर्षे आहे. ओवी परंपरागत असली, तिचा कर्ता अज्ञात असला, तरी ती गाणाऱ्या स्त्रीचा आपल्या गायनावर हक्क असतो. प्रामाणिक अध्यापन किंवा संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणास कायदा सूट देतो, पण तेच मुद्रण व्यावसायिक चित्रफितीखाली वापरायचे असल्यास तिची अनुमती लागते.

जतन

मुलाखत संपलेल्या दिवशीच कार्डावरील फाइल संगणकावर उतरवावी आणि तिचे नाव दिनांक, गाव व अनुक्रम असे ठेवावे. यंत्राने दिलेले क्रमांक दोन वर्षांनी कुणालाच उलगडत नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. घरगुती पातळीवर संगणक, बाह्य डिस्क आणि नातेवाइकाकडील किंवा महाविद्यालयातील एक प्रत एवढ्याने तो पाळता येतो. जागा कमी पडल्यास 'फ्लॅक' या स्वरूपात फाइल लहान होते आणि तिच्यातील काहीही गमावले जात नाही. संपादन नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलीस हात लावू नये. कार्ड पुन्हा वापरण्यापूर्वी ते यंत्रातच फॉरमॅट करावे, आणि तेही तिन्ही प्रती उघडून, थोड्या ऐकून पाहिल्यानंतर. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोहोचवावी. बहुतेक घरांत ती वाजवण्यासाठी नातवाचा फोन असतो.